शांती करायला गेलेली पलटण



वैशाखात तानसाला दोन दिवसांचं शिबिर झालं. आटगावला लोकलमधून उतरलो, जीपनं आत गेलो. तलावाचं पाणी खाली गेलं होतं, काठची माती भेगाळलेली, आणि वस्तीत बायाबापड्या हंड्यांची रांग लावून टँकरची वाट बघत बसलेल्या. तलाव तिथला, तहानही तिथलीच. पाणी मात्र १८९२ पासून मुंबईला. त्याच पाण्याच्या नळालगतची झोपडी २०१७ साली तोडली आणि माणसं माहुलला नेऊन टाकली, हे आपल्यातल्या कुर्ला-घाटकोपरच्या पोरांना वेगळं सांगायला नको. म्हणजे पाणी निघतं तिथल्याला कुणी विचारत नाही आणि पोचतं तिथल्यालाही विचारत नाही. पण आज विषय तो नाही. विषय परराष्ट्र धोरणाचा आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा.

शिबिर म्हटलं की शेवटी ठराव आले. परराष्ट्र धोरणावरचा ठराव मीच लिहिला होता, येताना गाडीत, गुडघ्यावर वही ठेवून. "ज्या ज्या देशांत परकी फौज बसली आहे आणि यादवी पेटली आहे, तेथील शोषितांच्या रक्षणासाठी भारत सरकारने खंबीर हस्तक्षेप करावा." वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. 'खंबीर' शब्दावर आपल्याकडं टाळ्या पडतातच.

मग एक घाटकोपरचा पोरगा उठला. म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? २००६ ला खैरलांजी झाली तेव्हा कुठल्या देशानं हस्तक्षेप केला?" त्याला दुसरा म्हणाला, "असं असेल तर आपल्या कवींनी व्हिएतनाम, आफ्रिका कशाला तोंडात घेतली? ब्लॅक पँथरचं नाव कशाला घेतलं?" झालं. तासभर जुंपली. एक बाजू म्हणे फौज पाठवा, दुसरी म्हणे गप बसा. दोन्हीकडची पोरं आपलीच, दोन्हीकडचा संताप खरा.

मागं भिंतीला टेकून मुरबाडकडचे एक म्हातारे बसले होते. निवृत्त हवालदार. महार रेजिमेंटचे. वस्तीतल्या लेकीकडं आले होते, म्हणून शिबिरात डोकावले. त्यांनी हात वर केला.

"पोरांनो, मी जाफन्यात व्हतो. सत्याऐंशी साली. आमाला सांगितला का शांती कराला जायाचाय."

शिबिर गप्प झालं.

"पयल्या आठवड्यात हार घातले लोकांनी. नारलपानी दिला. मग ऑक्टोबरात हुकूम आला, आता यांच्यावरच गोली चालवा. कोन कोनाचा, आमाला काय ठाव? भाषा कलत नाय. एका गावाच्या भायेर वस्ती व्हती. वेगली. तिची हीर वेगली. मी पानी मागितला तर म्हातारीनं लांबून तांब्या ठेवला आनि मागं सरली. मना राग आला, म्हटला ही आमाला इटाल मानते का काय. पलटनीत एक मद्रासी जवान व्हता, त्यानं इचारला तिला. तो म्हनला, उलटा हाय. ती म्हनते का आमच्या हातचा पानी तुमाला चालल का?"

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीची झडती आली. दार मीच लाथेनं उघडला."

एवढंच सांगितलं. आत काय सापडलं, कुणाला नेलं, काही नाही. कुणी विचारलंही नाही.

त्या रात्री मी माझा ठराव फाडला. का फाडला, ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण आधीही असे ठराव मी या पानावर बरेच लिहिलेत.

*

श्रीलंकेचा पेच खोटा नव्हता. १९८१ साली जाफन्याचं ग्रंथालय जाळलं, जवळजवळ सत्त्याण्णव हजार पुस्तकं राख झाली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत मतदारयाद्या हातात घेऊन जमाव फिरला आणि तमिळांची घरं वेचून वेचून पेटवली. वेलिकडाच्या तुरुंगात तमिळ कैदी ठेचून मारले. शेजारच्या घरात असं चाललं असताना दिल्लीनं 'त्यांचा अंतर्गत मामला' म्हणून तोंड फिरवायचं का? आपल्या गावात बहिष्कार पडतो तेव्हा पोलीस पाटील 'गावचा मामला' म्हणतो. ते आपल्याला चालतं का? नाही चालत. म्हणून गप बसा म्हणणाऱ्या दोस्ताचं मला पटत नाही.

पण दिल्लीनं केलं काय? एका हातानं वाटाघाटी, दुसऱ्या हातानं तमिळ पोरांच्या गटांना भारताच्या भूमीवर गुपचूप शस्त्रं आणि शिक्षण. त्या गटांतल्या एकानं, एलटीटीईनं, १९८६ पासून बाकीच्या गटांना एकेक करून संपवलं. तमिळांच्या आत जे वेगळं बोलणारे होते ते सिंहली गोळीनं मेले त्याहून आधी तमिळ गोळीनं मेले. ती बंदूक आली कुठून, हे विचारायचं नसतं. ४ जून १९८७ ला भारतीय विमानांनी जाफन्यावर शिधा टाकला. २९ जुलैला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. ज्यांच्यासाठी करार, त्या तमिळांची त्यावर सही नव्हती. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदनेच्या रांगेतल्या सिंहली नाविकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ज्याला डोळे होते त्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

१० ऑक्टोबरला लढाई सुरू झाली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान उतरवले. एकोणतीस मेले, एक पकडला गेला. २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, भारतीय सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले. डॉक्टर, परिचारिका, रोगी धरून सत्तरच्या आसपास माणसं मारली गेली. शांतिसेनेच्या इंग्रजी आद्याक्षरांची तिथले लोक वेगळीच फोड करायला लागले: निरपराधांना मारणारी फौज. एकेकाळी सत्तर हजारांच्या वर जवान तिकडं होते. सुमारे बाराशे परत आले नाहीत. किती तमिळ मेले त्याचा हिशेब दिल्लीनं कधी मांडलाच नाही.

शेवट तर आणखी बघण्यासारखा. राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी भारतीय फौज जावी म्हणून त्याच एलटीटीईला शस्त्रं दिली. दक्षिणेत जेव्हीपीनं भारताविरुद्धच्या संतापावर बंड पेटवलं आणि तिथल्या सरकारनं हजारो सिंहली पोरं मारून ते विझवलं. म्हणजे आमच्या शांतीमुळं शेजारच्या घरात एकाऐवजी दोन आगी लागल्या. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला स्वागत समारंभ होता. मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. १९९१ साली श्रीपेरंबुदूरला राजीव गांधी मारले गेले, १९९३ साली कोलंबोत प्रेमदासा. करार करणारे, मोडणारे, शस्त्रं देणारे, घेणारे, सगळे कुठं ना कुठं संपले. युद्ध मात्र मे २००९ पर्यंत चाललं, आणि शेवटच्या काही महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ मंडळानं पुढं २०११ मध्ये नोंदवलं.

*

आता आपल्या पलटणीबद्दल. यावर आपल्यात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. बाबासाहेबांनी तिच्यासाठी किती झगडा केला ते आपल्याला पाठ आहे. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. ज्या साली तानसाचं पाणी मुंबईला गेलं, जवळपास त्याच साली आपल्या माणसाच्या अंगावरचा गणवेश काढून घेतला. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला तो त्यासाठीच. गणवेश म्हणजे भाकरी, शाळा, मान. त्याची किंमत आपल्यापेक्षा कुणाला जास्त कळणार?

जाफन्याच्या लढाईत परमवीर चक्र एकच मिळालं. ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन. मुंबईत जन्मलेले. २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी घेऊनही समोरच्याची बंदूक हिसकावून ते लढले आणि पडले. त्यांचं नाव घेताना आपली मान ताठ होते, आणि झालीच पाहिजे. महार पलटण आज सगळ्या जातींची, सगळ्या प्रांतांची आहे. त्यात कुणाला कमी लेखायचं कारण नाही.

पण मान ताठ असताना डोकं चालू ठेवायला काय हरकत आहे? कोरेगावला १ जानेवारी १८१८ ला आपले पूर्वज लढले. ज्यांच्यासाठी लढले त्यांनीच पुढं भरती बंद केली. शौर्य आपलं, निर्णय दुसऱ्याचा. जाफन्याला जायचा निर्णय ज्या टेबलावर झाला तिथं हवालदार काकांना कुणी विचारलं नाही. हे कुणी म्हणेल की सैनिकाला विचारत नसतात. बरोबर. सैनिकाला विचारत नसतात, म्हणूनच नागरिकानं विचारायचं असतं. आणि १९८७ साली आपण विचारलं नाही. आपल्या पोरांच्या पेट्या गावी आल्या तेव्हा रडलो, पण फौज पाठवायला निघाली तेव्हा 'कशाला?' म्हणून एक मोर्चा आपल्या वस्त्यांतून निघाल्याचं मला आठवत नाही.

*

दुसरं अवघड जागेचं दुखणं. धम्म.

बाबासाहेब मे १९५० मध्ये श्रीलंकेला गेले होते, कँडीच्या बौद्ध परिषदेला. धम्म तिथं कसा जगला जातो ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपुरात त्यांनी आपल्याला बुद्धाकडं नेलं. त्याच १९५६ च्या जूनमध्ये कोलंबोच्या संसदेनं 'फक्त सिंहली' भाषेचा कायदा केला, आणि त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत भिक्खू होते. इकडं बुद्ध माणसाला उभं करत होता. तिकडं बुद्धाचं नाव घेऊन शेजाऱ्याची भाषा कापत होते. तीन वर्षांनी ज्या पंतप्रधान बंदरनायकेंनी तो कायदा केला त्यांनाच एका भिक्खूनं गोळ्या घातल्या. १९७२ साली तिथल्या राज्यघटनेनं बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. आणि ज्या संघाला आपण वंदन करतो त्यातल्या सियाम निकायात आजही गोविगम जातीच्या माणसालाच दीक्षा मिळते. जात पाळणारा संघ! हे वाचून पहिल्यांदा माझ्याही पोटात खड्डा पडला होता.

म्हणून 'बौद्ध देश आहे, आपल्या धम्माचा आहे' असं म्हणून श्रीलंकेच्या सरकारची बाजू घेणाऱ्याला मी विचारतो: मग म्यानमारमध्ये २०१७ साली रोहिंग्यांची गावं जाळली, ती पण आपल्याच धम्माची म्हणायची का? धम्म आपला म्हणून सत्ता आपली होत नाही.

तसंच उलट बाजूला. तमिळ पिडलेले, म्हणून त्यांचं पुढारपण शुद्ध, असंही नाही. जाफन्यात वेल्लाळ वरचे आणि पंचमर खाली. हॉटेलात चहा नाही, विहिरीवर पाणी नाही, देवळात पाय नाही. १९६८ साली माविट्टपुरमच्या देवळात शिरायला पंचमर निघाले तर दार अडवायला तमिळांचाच एक माजी मंत्री उभा होता. आपल्याकडचं काळाराम आठवा, १९३०. के. डॅनियल नावाच्या तमिळ दलित लेखकानं 'पंचमर' नावाची कादंबरीच लिहिली. हवालदार काकांना ज्या म्हातारीनं लांबून तांब्या ठेवला ती या वस्तीतली. तिच्या दारावर लाथ पडली ती 'तमिळ' म्हणून. गावानं वेगळी विहीर दिली ती 'पंचमर' म्हणून. एकाच बाईवर दोन राज्यं.

आणि तिसरे तर कुणाच्याच हिशेबात नाहीत. इंग्रजांनी चहाच्या मळ्यांवर नेलेले तमिळ मजूर. त्यातले बहुसंख्य दलित जातींतले. स्वातंत्र्य मिळताच १९४८ मध्ये सिलोननं त्यांचं नागरिकत्व काढलं. मग १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी त्यांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारतानं घ्यायचे, तीन लाख सिलोननं ठेवायचे, दीड लाखांचं नंतर बघू. पोती मोजावीत तशी माणसं मोजली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं जन्मलेल्यांना तुम्हाला कुठं राहायचंय असं कुणी आधी विचारलं नाही. ही आपली तटस्थ, शांततावादी परराष्ट्रनीती. तिच्यात पण जातीचा तराजू होताच.

*

कुणी म्हणेल, बाबासाहेब काय म्हणाले असते? त्यांच्या तोंडी मी शब्द घालणार नाही. पण जे नोंदलेलं आहे ते सांगतो. १९५१ साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरण होतं. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर जातात, उपाशी माणसाला काय उरणार, असा त्यांचा रोख होता. आणि त्याच बाबासाहेबांनी ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत नेहरूंना विचारलं की गोव्यात सुरुवातीलाच छोटी पोलीस कारवाई का केली नाही, आणि तिबेटवर चीनचा हक्क मान्य करून पंचशील पंचशील काय करता. म्हणजे ते फौजेच्या नावानं नाक मुरडणारे नव्हते आणि फौजेवर लट्टूही नव्हते. प्रत्येक वेळी हिशेब मांडत होते: खर्च कुणाच्या ताटातला, फायदा कुणाला, उद्या शेजारी कोण येऊन बसणार. आपण तेवढा हिशेब मांडायचा कंटाळा करतो आणि 'खंबीर' लिहून मोकळे होतो.

हिशेब मांडला की काय होतं त्याचं एक उदाहरण आहे. २००३ साली अमेरिकेनं इराक घेतला आणि भारताकडं फौज मागितली, एक आख्खी डिव्हिजन. एप्रिलमध्ये संसदेनं ठराव केला होता. हिंदीत 'निंदा', इंग्रजीत मात्र त्याहून मऊ शब्द. त्या एका शब्दावर दिवस खाल्ले. पण १४ जुलैला वाजपेयी सरकारनं फौज द्यायला नकार दिला. त्या सरकारबद्दल माझं मत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी तो नकार बरोबर होता, हे मी लिहून देतो. पुढं इराकात शिया-सुन्नी यादवी पेटली तेव्हा आपली पोरं तिथं चौकीवर उभी असती. आणि त्या पोरांतली किती मुरबाडची, किती साताऱ्याची, किती विदर्भाची असती ते सांगायला नको. नकार देताना जाफना कुणाच्या तरी डोक्यात असणारच.

*

मग आपण काय म्हणायचं? गप बसायचं नाही, फौजही मागायची नाही, तर करायचं काय?

जाफन्यातल्याच एका बाईनं मला हे शिकवलं. डॉ. रजनी तिराणगम. विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायची. तमिळ, नवरा सिंहली. श्रीलंकेच्या सैन्यानं काय केलं ते तिनं लिहिलं. भारतीय फौजेनं बायकांवर काय अत्याचार केले ते घरोघर जाऊन लिहिलं. आणि आपल्या म्हणवणाऱ्या एलटीटीईनं काय केलं तेही लिहिलं. २१ सप्टेंबर १९८९ ला ती सायकलवरून घरी जात असताना गोळ्या घातल्या. तिला कुठलीच बाजू नव्हती असं म्हणू नका. तिची बाजू त्या विहिरीवरच्या म्हातारीची होती. ती बाजू घेतली की सगळ्या बंदुका तुमच्याकडं वळतात.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत बसून आम्ही नवा ठराव केला. 'खंबीर' शब्द काढला. त्यात चार गोष्टी आहेत.

एक. परक्या देशात फौज पाठवण्याआधी संसदेत उघड चर्चा आणि मतदान झालं पाहिजे. ज्यांच्या अंगणात फौज उभी राहणार त्यांचं म्हणणं आधी कळलं पाहिजे. दोन राजधान्यांच्या सह्या पुरत नाहीत.

दोन. कुठल्याही यादवीत एका गटाला चोरून शस्त्रं द्यायची नाहीत. ती शेवटी त्याच समाजातल्या कमजोराच्या छातीला लागतात.

तीन. पाठवायचंच तर धान्य, औषध, डॉक्टर पाठवा. आणि अत्याचाराची चौकशी होऊ द्या, आपल्या फौजेनं केलेल्या अत्याचाराचीसुद्धा. दुसऱ्याला न्याय मागणाऱ्यानं स्वतःचं रुग्णालय विसरायचं नाही.

चार, आणि हे आजचं, इथलं. १९८३ पासून आलेले श्रीलंकेचे तमिळ निर्वासित तामिळनाडूतल्या छावण्यांत अजून राहताहेत. हजारोंनी. तिथं जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली. २०१९ च्या नागरिकत्व कायद्यात तीन देशांची नावं आहेत, श्रीलंकेचं नाही. २०२५ मध्ये नोंदणी झालेल्यांना विनाकागद राहिल्याच्या शिक्षेतून सूट मिळाली, नागरिकत्व मात्र नाही. ज्यांच्यासाठी बाराशे जवान मेले म्हणता, त्यांना चाळीस वर्षांत एक कागद देता येत नाही? ज्यांना हवा त्यांना नागरिकत्व द्या, ज्यांना परत जायचंय त्यांना मानानं जाऊ द्या. आणि यावेळी तरी त्यांना विचारा.

घाटकोपरचा पोरगा म्हणाला, "चौथा मुद्दा पटला. बाकीचे तुम्ही नेहमीसारखे मोठ्या तोंडानं लिहिलेत." लिहून ठेवलं आहे. त्यानं पुढच्या अंकात याच पानावर उत्तर लिहावं, जागा राखून ठेवतो.

ठराव लिहून झाल्यावर हवालदार काकांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला. म्हणाले, "त्या म्हातारीचा नाव मना ठाव नाय. नायतर घातला असता."

तेवढ्यात टँकर आला. पोरं उठून हंडे उचलायला धावली. सभा तिथंच संपली.

प्रत्येक शाखेनं हा ठराव वस्तीत मोठ्यानं वाचावा. ज्यांच्या घरात फौजी आहे त्या घरात आधी वाचावा. पटला नाही तर का पटला नाही ते कळवावं. शिव्या दिल्या तरी चालतील, पण पोस्टकार्ड टाका.

जय भीम.